ज्योतिर्विद श्री भास्कराचार्य : संक्षिप्त जीवनचरित्र

मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळे शहराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, किल्ल्याच्या कुशीत सोनगीर हे गाव वसलेले आहे. येथील तांब्या-पितळेच्या भांड्यांची ख्याती दूरवर पसरलेली असून दर्शनास येणारे अनेक भाविक परतताना एखादा तांब्या, एखादी परात घेऊन जातात. दिवसाची वर्दळ शमल्यावर किल्ल्याच्या काळ्या आकृतीवर तारकांनी भरलेले आकाश उतरते, तेव्हा दर्शनाने शांत झालेले मन आपोआप वर पाहू लागते. हा अफाट पसारा कोणी मांडला, तो कशाच्या आधारावर उभा आहे, असा प्रश्न त्या क्षणी प्रत्येकाच्या मनात डोकावतो.

हाच प्रश्न सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका महापुरुषाने आयुष्यभर उराशी बाळगला. त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी उभ्या राहिलेल्या मठाचा शिलालेख आपल्या खानदेशातच, चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. गणित आणि ज्योतिष या दोन्ही शास्त्रांत ज्यांचे नाव आजही जगभर आदराने घेतले जाते, ते श्री भास्कराचार्य होत. आकाशाचे चिंतन हीदेखील एक उपासना होऊ शकते, हे त्यांच्या चरित्रावरून ध्यानी येते. म्हणून भाविकांच्या माहितीसाठी ते येथे संक्षेपाने देत आहोत.

जन्म व कुलपरंपरा

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. ही नोंद त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात करून ठेवली आहे. त्या वेळी दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य असून सम्राट सहावा विक्रमादित्य गादीवर होता. त्यांचे गोत्र शांडिल्य. सह्याद्रीच्या पायथ्याशी, वेदवेत्त्या विद्वानांनी गजबजलेले विज्जडविड नावाचे नगर हे आपले वसतिस्थान असल्याचे त्यांनी सांगितले आहे. हे नगर पाटणच्या परिसरातच असावे, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. काहींनी ते मराठवाड्यात, तर काहींनी कर्नाटकात शोधले आहे. मात्र त्यांच्या घराण्याचा आणि त्यांच्या विद्येचा खानदेशाशी असलेला संबंध शिलालेखांनीच सिद्ध केला असल्याने त्याविषयी वादास जागा नाही.

पाटणच्या शिलालेखात या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. कविचक्रवर्ती म्हणून गौरविलेले त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळविणारे भास्करभट्ट, त्यांच्यानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर अशी ही परंपरा आहे. महेश्वर हे भास्कराचार्यांचे पिता आणि तेच त्यांचे गुरूही होते. विद्या हेच या घराण्याचे वतन होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

सिद्धांतशिरोमणी

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी हा महान ग्रंथ सिद्धीस नेला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. पहिल्या दोन भागांत अंकविद्या आहे, तर उरलेल्या दोहोंत ग्रहांची गती, ग्रहणे, पृथ्वीचा आकार आणि आकाशाची रचना यांचे विवेचन आहे. अभ्यासकांची अडचण होऊ नये म्हणून ग्रहगणित व गोलाध्याय यांवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य नावाचे भाष्यही लिहिले.

गणित हा विषय रुक्ष असतो, असा सर्वसाधारण समज आहे. लीलावती वाचणाऱ्याचा हा समज गळून पडतो. येथे उदाहरणे नुसत्या आकड्यांची नसून रानावनातील आहेत. भुंग्यांच्या एका थव्याचा पाचवा भाग कदंबावर बसतो, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर जातो, या दोहोंतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलाकडे वळतात आणि केतकी व मालती या दोघींच्या सुगंधाने भुललेला एकटा भुंगा मधल्या मध्ये घिरट्या घालत राहतो. थव्यातील भुंगे किती, हे शिष्याने सांगावयाचे असते. उत्तर पंधरा येते. परंतु उत्तरापर्यंत पोहोचताना शिष्याने एक फुललेले वनही पाहिलेले असते.

दुसरे एक उदाहरण सरोवरातील कमळाचे आहे. पाण्यावर अर्धा हात दिसणारी कळी वाऱ्याच्या झुळकीने हळूहळू कलते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते. एवढ्याच खुणेवरून पाण्याची खोली काढावयाची. ती पावणेचार हात येते. तळाशी न उतरता, पाणी न ढवळता, केवळ कळीचे झुकणे शांतपणे न्याहाळून तळाचा ठाव घेता येतो. भास्कराचार्यांच्या साऱ्या विद्येचे सार जणू या एका उदाहरणात सामावले आहे.

लीलावती या नावाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. लीलावती ही आचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यावर ठेवले होते. कुतूहलाने त्यात डोकावताना तिच्या वस्त्रावरील एक मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, पात्र बुडाले नाही आणि मुहूर्त टळून गेला. दुःखी कन्येचे नाव चिरंतन राहावे म्हणून पित्याने ग्रंथास तिचे नाव दिले, अशी ही कथा आहे. सम्राट अकबराच्या आज्ञेवरून फैजीने इसवी सन १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती आढळते. आचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. तथापि, काळाचे माप घेणाऱ्यालाही काळ आपल्या हाती ठेवता येत नाही, हा तिचा मथितार्थ जनमानसाने शतकानुशतके जपला आहे.

येथे उल्लेखिलेले घटिकापात्र म्हणजे तळाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी होय. ती पाण्यावर तरंगत ठेवली असता छिद्रातून पाणी शिरून ठरावीक वेळात बुडते. एका घटिकेची चोवीस मिनिटे आणि एका अहोरात्राच्या साठ घटिका. सोनगीरच्या तांबटांच्या हातोडीचा ठोका ऐकताना भाविकांनी हे अवश्य स्मरावे की, एकेकाळी अशाच तांब्याच्या वाटीने आपल्या देशातील मुहूर्त आणि पूजेच्या वेळा ठरत असत.

पृथ्वी व आकाश यांचे चिंतन

गोलाध्याय हा आचार्यांच्या प्रतिभेचा कळस होय. गोलाचे ज्ञान नसलेला ज्योतिषी म्हणजे तुपाविना भोजन किंवा राजाविना राज्य, अशा आशयाच्या दृष्टांतांनी ते या विषयाचे महत्त्व पटवितात. पृथ्वी गोल आहे आणि पर्वत, वने व गावे यांनी ती सर्व बाजूंनी वेढलेली आहे. कदंबाच्या फुलाचा गेंद केसरांनी जसा चहूकडून भरलेला असतो, तशी ती आहे. पावसाळ्यात कदंब फुललेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याहून सोपा दृष्टांत सुचणार नाही.

मग ती सपाट का दिसते? कारण मनुष्य अतिशय लहान आणि पृथ्वी अतिशय मोठी आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग पाहिला तर तो सरळच भासतो. पलीकडच्या बाजूची माणसे खाली पडत कशी नाहीत? पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाचे प्रतिबिंब जसे उलटे दिसते, तशी ती आपल्याला वाटतात, परंतु त्यांना आपल्या जागी आपल्यासारखेच निर्धास्त वाटते.

पृथ्वी कशाच्या आधारावर उभी आहे, या प्रश्नाचा विचार त्यांनी निर्भयपणे केला. तिला एक आधार मानला तर त्या आधारास दुसरा आधार हवा, दुसऱ्यास तिसरा. शेवटी कोणीतरी स्वतःच्या शक्तीने स्थिर आहे असे मानावेच लागते. मग ती शक्ती पहिल्यांदाच पृथ्वीच्या ठायी का मानू नये? पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे आणि त्या शक्तीने ती आकाशातील जड वस्तू आपल्याकडे ओढते, म्हणून वस्तू पडल्यासारखी दिसते. पृथ्वीच्या सभोवार तर सर्वत्र आकाशच, तेव्हा तिने पडावे तरी कोठे? न्यूटनने पाच शतकांनंतर मांडलेला गणिती नियम याहून वेगळा आहे आणि पृथ्वी स्थिर व मध्यभागी आहे, हे आचार्यांचे मत आज मान्य नाही. परंतु निराधार अवकाशात पृथ्वीचा गोल एकटाच तरंगत आहे, हे चित्र त्यांनी बाराव्या शतकात मनोमन पाहिले आणि त्या दर्शनाने ते भयभीत न होता अधिकच स्थिर झाले, हे विशेष होय.

पृथ्वीचा परीघ त्यांनी ४९६७ योजने दिला आहे. गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढताना लल्ल या पूर्वसूरींची चूक त्यांनी दाखवून दिली आणि परिघास व्यासाने गुणावे, हा अचूक नियम सांगितला. तो समजावण्यासाठी त्यांनी चेंडूवरील जाळी आणि आवळ्यावरील रेषा पाहण्यास सांगितले. तळहातावरील आवळा पाहून पृथ्वीचे माप कळावे, यातच त्यांच्या दृष्टीची थोरवी आहे.

याच गोलाध्यायात ऋतुवर्णनाचा एक स्वतंत्र भाग आहे. ग्रहगोलांच्या गणितामध्येच आचार्य क्षणभर थांबतात आणि सहा ऋतूंचे काव्यमय वर्णन करतात. सूर्य कोणत्या राशीत गेला म्हणजे कोणता ऋतू होतो, हे जाणणाऱ्यालाच वसंताचा मोहर आणि वर्षेचा मेघ यांचे अधिक कौतुक वाटते, असा त्यांचा अनुभव असावा. ज्ञानाने विस्मय ओसरत नाही, उलट तो वाढतो, याचा हा पुरावा होय.

वेध घेण्याच्या साधनांचे वर्णन करताना गोलयंत्र, शंकू, घटी, चक्र, फलकयंत्र अशी अनेक यंत्रे त्यांनी सांगितली आहेत. परंतु या सर्वांहून श्रेष्ठ मान त्यांनी धीयंत्रास, म्हणजे बुद्धिरूपी यंत्रास दिला आहे. हाती एक साधी काठी असली आणि बुद्धी निर्मळ असली, तर उंच वेळूची उंची, त्याचे अंतर आणि आकाशस्थ ज्योतींचे स्थानही मोजता येते. महागड्या साधनांची वाट पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा असाच हा उपदेश आहे.

शास्त्र आणि श्रद्धा

ग्रहणाच्या विषयात आचार्यांपुढे एक बिकट पेच उभा होता. चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरल्याने चंद्रग्रहण होते आणि चंद्र सूर्याच्या आड आल्याने सूर्यग्रहण होते, हे गणित त्यांना करतलामलकवत् होते. दुसरीकडे राहू ग्रासतो, असे श्रुती, स्मृती व पुराणे सांगत होती आणि समाज त्यावर श्रद्धा ठेवून होता. गणित सोडावे तर सत्याशी प्रतारणा, पुराण झिडकारावे तर परंपरेचा अनादर. आचार्यांनी दोन्ही टाळले. ब्रह्मदेवाच्या वराने राहू पृथ्वीच्या छायेत प्रवेश करून चंद्रास आणि चंद्रबिंबात प्रवेश करून सूर्यास झाकतो, असा समन्वय त्यांनी मांडला. गणिताचा एक अंशही त्यांनी बदलला नाही आणि श्रद्धावंतांच्या मनासही धक्का लावला नाही. ग्रहणकाली स्नान, जप व दान करणाऱ्या आपल्या समाजाला छायेचे गणितही समजावे, ही त्यांची तळमळ होती.

बीजगणितात याहूनही उंच असे एक स्थळ आहे. एखाद्या संख्येस शून्याने भागले असता येणाऱ्या राशीस त्यांनी खहर असे नाव दिले. या राशीत काहीही मिळविले किंवा तीतून काहीही वजा केले, तरी तिच्यात बदल होत नाही. हे सांगत असतानाच त्यांना भगवान अच्युताचे स्मरण झाले. प्रलयकाली सर्व भूते त्याच्या ठायी लीन होतात, सृष्टिकाली पुन्हा त्याच्यातूनच प्रकट होतात, तथापि तो अनंत परमात्मा न वाढतो न घटतो. आजचे गणित शून्याने केलेला भागाकार अशा रीतीने स्वीकारत नाही. परंतु एका गणितज्ञाला पाटीवरील एका आकड्यात परमेश्वराच्या अचलत्वाची खूण पटली, ही घटना भाविकांना अंतर्मुख करणारी आहे. ज्या शांतीसाठी योगी गिरिकंदरांत बसतात, ती त्यांना गणित करता करता लाभली होती, असेच म्हणावे लागते.

उत्तरायुष्य

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षाच्या सुमारास, शके ११०५ म्हणजे इसवी सन ११८३ हे आरंभवर्ष धरून, आचार्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. पंचांगकर्त्यांना ग्रहस्थिती सुलभतेने काढता यावी, हा त्याचा हेतू होता. पुढे कित्येक शतके अनेक भागांत त्याच्या आधारे पंचांगे तयार होत असत. आयुष्याच्या उतरणीला लागलेल्या या ऋषितुल्य पुरुषाने आपल्या ग्रंथाच्या नावात कुतूहल हाच शब्द योजावा, यातच त्यांच्या जीवनाचे मर्म आहे. सुमारे सत्तर वर्षे आकाश पाहूनही त्यांचे नवल सरले नव्हते.

पाटणचा मठ व ग्रहणकालीन दान

आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव नृपती जैत्रपालाने सन्मानाने बोलावून आपल्या दरबारी पंडितांमध्ये अग्रस्थान दिले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. त्या काळी ग्रंथ हस्तलिखित असत. शिकविणारा नसला तर दोन पिढ्यांत विद्या लोप पावे. आजोबांचे आकाश आपल्याबरोबर मावळू नये, या जाणिवेने चांगदेवांनी भास्कराचार्यांच्या व त्यांच्या कुळातील विद्वानांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला.

या भागावर त्या वेळी निकुंभ घराण्याचे मांडलिक राज्य होते. इसवी सन १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहण लागले असता सोइदेव निकुंभाने या मठास दान दिले आणि त्याचा बंधू हेमाडिदेव यानेही त्यास हातभार लावला. शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, परंतु दानाचा तपशील सर्वसामान्यांस कळावा म्हणून तो त्या काळच्या मराठीत कोरलेला आहे. मराठीच्या प्राचीन कोरीव लेखांत त्याची गणना होते. बाजारातील करांचा हिस्सा आणि तेलाच्या घाण्यांमागे पळीभर तेल, असे त्या दानाचे स्वरूप होते. राजाच्या भूमिदानाइतकेच तेल्याच्या घाण्यावरील पळीभर तेलही मोलाचे होते. त्याच तेलावर मठातील समया तेवल्या असतील आणि त्या उजेडात शिष्यांनी गोलाध्यायाची पाने उलटली असतील.

आचार्यांचे बंधू श्रीपती यांचे नातू अनंतदेव हेही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. त्यांनी गिरणाकाठच्या बहाळ या गावी देवीचे मंदिर बांधले. तेथील शिलालेख इसवी सन १२२२ चा आहे. आकाशाचे गणित करणाऱ्या या घराण्याने पाटणला विद्यामठ आणि बहाळला देवालय उभारले, ही खानदेशास अभिमानास्पद गोष्ट होय.

कीर्तीचा विस्तार

मठ काळाच्या ओघात नामशेष झाला, परंतु विद्या जगली. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इसवी सन १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. फारसीतील भाषांतरांनंतर १८१७ मध्ये कोलब्रूक यांनी लीलावती व बीजगणित इंग्रजीत नेले. पाटणच्या शिलालेखाचे महत्त्व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणून दिले. भारताने ७ जून १९७९ आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी सोडलेल्या दोन उपग्रहांस भास्कर हे नाव देण्यात आले. ज्या आकाशाकडे आचार्यांनी काठी आणि बुद्धी यांच्या साहाय्याने पाहिले, त्याच आकाशात त्यांच्या नावाने पृथ्वीप्रदक्षिणा घडली.

भाविकांसाठी

सोनगीरहून धुळेमार्गे चाळीसगावास जाता येते. चाळीसगावपासून सुमारे अठरा किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवी येथे श्री चंडिकादेवीचे प्राचीन स्थान आहे. परिसरात हेमाडपंती धाटणीचे महादेव मंदिर असून पावसाळ्यात धबधबे कोसळत असतात. भाविकांनी देवीचे दर्शन घेऊन थोडा वेळ तेथील झाडांच्या सावलीत शांत बसावे. अभयारण्यात प्लॅस्टिक टाकू नये, गोंगाट करू नये, वन्यजीवांस त्रास देऊ नये.

दानशूर भक्तांनी पाटणच्या त्या पळीभर तेलाचेही स्मरण ठेवावे. देवळाच्या पायरीस दिलेला दगड जसा पुण्यप्रद, तसेच एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या पुस्तकास दिलेले साहाय्यही पुण्यप्रदच होय. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या ग्रहणरात्री दान देणाऱ्यांनी हेच ओळखले होते. छाया सरली, चंद्र पुन्हा पूर्ण झाला आणि त्या रात्री दिलेल्या दानाची अक्षरे आजही दगडावर वाचता येतात.

येत्या श्रावणी पौर्णिमेस, आपण जेथे असाल तेथे, अंगणात येऊन क्षणभर चंद्राकडे पाहावे. कदंबाच्या गेंदासारखी ही पृथ्वी निराधार आकाशात स्थिर आहे आणि तिच्यावर आपण निर्धास्त उभे आहोत, एवढे मनात आणावे. भास्कराचार्यांस तेच वंदन पोहोचेल.